एक ठोका म्हणजे थांब

शनिवार, ६ ऑक्टोबर २००७
शुगर लँड, टेक्सस

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नंदूभावजींनी गाडीची किल्ली मला ओलांडून माझ्या नवऱ्याच्या, रवींद्रच्या हातात ठेवली. वेळ मुद्दाम लिहिते. आमच्या शॉमबर्गला विमा कंपनीचा तक्रार विभाग सांभाळताना मी एवढं तरी शिकले, की तारीख आणि वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर. गाडी मी चालवणार हे भावजींना महिन्यापासून माहीत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं रवींद्रला हायवेवर चालवायला मनाई केली आहे, हेही माहीत होतं. तरी किल्ली एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडेच गेली. मी हात पुढे करून उभी राहिले.

"अहो वहिनी, सवयीनं झालं," भावजी म्हणाले.

मी म्हटलं, सवय तुमची असेल, लायसन्स माझं आहे.

हा एक अन्याय सोडला तर दिवस फार आनंदात गेला. निवृत्तीनंतरची ही आमची पहिली मोठी सहल. नंदू म्हणजे रवींद्रचा कॉलेजपासूनचा मित्र, तेल कंपनीतून निवृत्त झालेला. त्याचीच फोर व्हील ड्राइव्ह आणि त्याचाच ट्रेलर घेऊन आम्ही दोघंच ग्रँड कॅन्यनला जाणार आणि तिथून वळसा घालून घरी. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच, तीस फूट लांब, पांढरी, पोटावर निळा पट्टा. आत ओटा, गॅस, फ्रिज, पलंग आणि एक न्हाणीघर, ज्यात रवींद्रला मान वाकवूनच उभं राहावं लागेल. खिडक्यांना पिवळे पडदे. ते कांचननं शिवले होते.

कांचन ही भावजींची बायको. बुटकी, गोरटेली, सतत काहीतरी हातात घेऊन धावणारी. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेली. रवींद्र तेव्हा मित्रांना भेटायला इथेच आला होता, त्यानंच मला फोनवर कळवलं. मला रजा मिळाली नाही, मी पत्र लिहिलं. ट्रेलर तिच्याच हौसेनं घेतलेला. ती गेल्यावर तो एका भाड्याच्या शेडमध्ये उभा होता. भावजी भंगारात देणार होते, रवींद्रनं हट्ट धरला म्हणून राहिला. पितृपक्ष संपू दे, मग न्या, असं भावजी काल रात्रीपर्यंत म्हणत होते. हा माणूस कॉलेजात देवाला न मानणाऱ्यांचा पुढारी होता! मी सिस्टर ॲग्नेसच्या हाताखाली पाचगणीला शिकलेली बाई, मला असली भीती घालून उपयोग नाही, असं सांगून टाकलं.

दुपारी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये माझी शिकवणी झाली. वळताना रुंद वळायचं, नाहीतर ट्रेलर कोपरा कापतो. ब्रेक लवकर दाबायचा, कारण मागचं वजन आपल्याला ढकलत असतं. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग खालून धरायचं. हात डावीकडे तर ट्रेलर डावीकडे. तिसऱ्या खेपेला मला जमलं. मात्र आरशात ट्रेलरच्या दोन भिंतींखेरीज काही दिसत नाही, म्हणून मागे माणूस हवाच. अमेरिकन लोक त्यासाठी वॉकीटॉकी वापरतात. आपले हे दोन इंजिनियर अजून एसटीच्या स्टँडवरच आहेत. मागच्यानं पत्र्यावर हात मारायचा. दोन ठोके म्हणजे येऊ दे, एक ठोका म्हणजे थांब. डबल आणि सिंगल. पत्रा पोकळ असल्यानं पुढे स्टिअरिंगपर्यंत ऐकू येतं, हे खरं.

रवींद्र ठोके मारत होता आणि भावजी लांब हिरवळीवर उभे राहून ओरडून शिकवत होते. एकदाही ट्रेलरला हात लावला नाही. विंचू आहे का त्यात, असं मी विचारलं. एरवी माझ्या बोलण्यावर हसणारा माणूस, आज हसला नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर
कर्व्हिलजवळ, नदीकाठचं कॅम्पग्राउंड

अडीचशे मैल ओढलं. मी, सुलेखा, वय त्रेसष्ट, उंची पाच फूट एक इंच. आज दिवसभर स्वतःवर खूष आहे.

शेजारून ट्रक गेला की आधी आपण त्याच्याकडे ओढले जातो आणि मग बाहेर फेकले जातो. पहिल्या वेळी मी सिस्टर ॲग्नेसला आठवून एक प्रार्थना म्हटली, दुसऱ्या वेळी ट्रकवाल्याला उद्देशून वेगळं काहीतरी म्हटलं. मागून रांग लागली तरी मी पंचावन्नच्या वर गेले नाही. रवींद्र नकाशा मांडीवर घेऊन बसला होता. चकल्यांचा डबा मी उघडून दिला तरी त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी उजेडातच पोचलो. आमची जागा दोन पिकानच्या झाडांमध्ये, अरुंद. मी काच खाली केली आणि कान मागे लावले. दोन ठोके. थोडी आले. पुन्हा दोन. मग एक, अगदी वेळेवर. उतरून पाहिलं तर ट्रेलर रेघेत, जणू कुणी उचलून ठेवला.

मी रवींद्रचं कौतुक केलं. त्याचा हात जड, कालचे ठोके कानाला लागत होते. आजचे मऊ होते, आणि खालून येत होते, सहा फुटी माणसाला वाकून मारावे लागतील इतक्या खालून. तो म्हणाला, हो का. एवढंच. मग पाण्याची नळी जोडायला गेला.

शेजारच्या ट्रेलरमधली म्हातारी कुत्र्याला घेऊन आली. तिनं मला एक नियम सांगितला: मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची, आवाजावर जायचं नाही. तिनं हेही विचारलं की आमच्यापैकी कोण मागे उभं होतं. मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो तर झाडाखाली नळी शोधत होता, असं ती म्हणाली. म्हातारीची नजर काही फार चांगली नसावी.

चहा टाकून बाहेर आले तेव्हा रवींद्र ट्रेलरच्या मागच्या बाजूला उकिडवा बसला होता. पत्र्यावर रस्त्याची धूळ चांगलीच बसली आहे. तो शर्टाच्या बाहीनं ती पुसत होता, सगळा पत्रा नव्हे, फक्त खालचा एक तुकडा. मी काय करतोस विचारलं. तो म्हणाला, चिखल उडाला होता. आज कुठेही चिखल नव्हता. आणि आमच्या घरात या माणसानं आजवर एकही गोष्ट पुसलेली नाही.

सोमवार, ८ ऑक्टोबर
ओझोना

आता डोंगर संपले. दोन्हीकडे खडक आणि खुरटी झुडपं, रस्ता सरळ.

दुपारी साठच्या वेगात असताना मागून एक ठोका आला.

शिकवलेलं अंगात इतकं मुरलं आहे की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ट्रेलर डावीकडे डुलला, मग उजवीकडे. मागच्या ट्रकनं असा भोंगा वाजवला की माझ्या दातांत कळ आली. कसाबसा कडेला घेतला. सगळा राग मी रवींद्रवर काढला, कारण तो शेजारी होता.

तो म्हणाला, आत काहीतरी पडलं असेल, कपाटाचं दार असेल. आत जाऊन पाहिलं. सगळी दारं बंद, कप आपापल्या जागी. शिवाय पडलेल्या वस्तूचा आवाज आणि हाताच्या पंजाचा आवाज यांतला फरक मला कळतो. चार बोटं आधी लागतात, मग तळवा.

त्याच्या चेहऱ्याला रंग नव्हता. मी विचारलं, तुला ऐकू आलं की नाही, हो की नाही ते सांग. तक्रार विभागातला माझा हा ठरलेला प्रश्न होता. त्याला बगल देणारा माणूस खोटं बोलत असतो. तो म्हणाला, पुढे पेट्रोल पंप आहे, तिथे थांबू.

मंगळवार, ९ ऑक्टोबर
फोर्ट स्टॉकटन

आजचं लिहिलंच पाहिजे.

इथलं कॅम्पग्राउंड म्हणजे सपाट माळ, एकही झाड नाही. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन. रवींद्र मागे गेला. मला आरशात त्याची बाही दिसली, मग दिसेनाशी झाली. मला म्हातारीचा नियम आठवला होता. पण दोन ठोके आले, स्पष्ट, न घाबरणारे, आणि मी आले. पुन्हा दोन. आले. पुन्हा दोन, जरा घाईचे, ये ये म्हणणारे.

पलीकडचा एक माणूस हातातली खुर्ची टाकून धावत येताना दिसला. तो काय ओरडत होता ते कळलं नाही, पण मी ब्रेक दाबला.

रवींद्र ट्रेलरच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. चाकांमागे लावायच्या लाकडी पाचरी त्याच्या दोन्ही हातांत होत्या. पाठ विजेच्या खांबाला टेकलेली, आणि छाती आणि पत्रा यांच्यामध्ये माझा पंजा जेमतेम मावला असता. त्यानं एकही ठोका मारला नव्हता. दोन्ही हातांत पाचरी असलेला माणूस ठोका कशानं मारणार?

मी त्याला ओढून बाहेर काढलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली. या माणसाला जिवे मारायची धमकी मी अनेकदा दिली आहे. आज ती मी जवळजवळ खरी केली.

पत्र्यावर धुळीत हाताचे ठसे आहेत. लहान. माझ्या कमरेच्याही खाली. त्यातले काही खाली ओघळत गेले आहेत, जसा घसरणारा हात ओघळेल.

ट्रेलर होता तिथेच सोडला, गाडीला जोडलेलाच. रस्त्यापलीकडच्या मोटेलात खोली घेतली.

बुधवार, १० ऑक्टोबर
मोटेल

केयाला फोन केला. केया ही कांचनची मुलगी, ऑस्टिनला असते. रवींद्र आंघोळीला गेला होता. मी तिला साधंच विचारलं, की बेटा, या ट्रेलरला मागे काही दुरुस्ती झाली होती का.

तिनं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, विच ट्रेलर? बाबांनी तर तो स्क्रॅप केला म्हणून सांगितलं होतं.

मी सांगितलं, आम्ही त्यातून फिरतोय. मी ओढते आहे.

"सुलेखामावशी," ती म्हणाली, "रवीकाकांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मग तिनं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, रडत. हार्ट अटॅक नव्हता. त्यांच्याच ड्राइव्हवेमध्ये. भावजी स्टिअरिंगवर, रवींद्र बाजूला ठोके मारायला, कांचन मागे पाचरी लावायला वाकलेली. रवींद्र कुणाशी तरी बोलत होता. न बघता त्यानं दोन ठोके मारले. मागून कांचननं एक मारला. भावजींनी दोन्ही ऐकले. बायकोचा एक आणि मित्राचे दोन. मित्राचे धरले.

आख्ख्या शुगर लँडला माहीत आहे. मुलीला माहीत आहे. फक्त मला माहीत नव्हतं, आणि मी शोकाचं पत्र पाठवलं होतं, त्यात लिहिलं होतं, निदान तिला यातना झाल्या नाहीत.

रवींद्र बाहेर आला तेव्हा मी पलंगावर बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेल खुर्चीवर टाकला. नाकारलं नाही. म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू मला पुन्हा कधी त्याच नजरेनं पाहिलं नसतंस. मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणाला, तिची राहून गेलेली कॅन्यनची सहल एकदा पुरी केली की सुटेन असं वाटलं. डोळ्यांचं? डोळे ठीक आहेत. डॉक्टरनं काही मनाई केलेली नाही. त्या सीटवर बसून ते ठोके ऐकायची त्याची हिंमत नव्हती.

"तुझं आणि तिचं काही वैर नाही," तो म्हणाला. "तुला ती काही करणार नाही असं वाटलं."

प्रायश्चित्त याचं आणि स्टिअरिंग माझ्या हातात. ती मला काही करणार नाही, माझ्याकडून करवून घेईल, हे याच्या इंजिनियरच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं?

गुरुवार, ११ ऑक्टोबर

सकाळी हिमानीला हर्नडनला फोन लावला. आमची लेक. मॉम, यू आर एक्झॉस्टेड, म्हणाली, विमानानं घरी या. बापाबद्दल तिला सांगू शकले नाही. आता मीही लपवणाऱ्यांत आले.

ठोके मोटेलपर्यंत येतात. दिवसाढवळ्या. गाडी बंद, आत कुणी नाही. दोन. थांबतं. दोन. दारावर आलेला पाहुणा वाजवतो तसे, न कंटाळता —

खिडकीतून पाहिलं. रवींद्र रस्ता ओलांडून गेला होता. ट्रेलरच्या मागे उभा, तळहात पत्र्यावर. बोलत होता. मी धावले, पायात चपलासुद्धा नव्हत्या. त्याला म्हणताना ऐकलं, मी बघितलं नाही गं, मी बघितलंच नाही.

आतून एक.

तो म्हणाला, ऐकलंस? थांब म्हणतेय. तेव्हाही हेच म्हणत होती —

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

ट्रेलर इथेच सोडायचा. ठरलं. गाडीपासून सोडवायचा, गाडीनं घरी जायचं. मी म्हटलं, ते काम इथल्या माणसांना सांग. तो म्हणतो, हे काम माझं आहे, दुसऱ्या कुणाला मी त्याच्यामागे उभं करणार नाही. आधी चाकांमागे पाचरी. मगच हुक निघतो. मला पुढे बसवलं आहे. पाय ब्रेकवर ठेव म्हणाला, आणि काही ऐकू आलं तरी सोडू नकोस.

सोडणार नाही. इंजिन बंद. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये. जमीन सपाट. मी तपासलं आहे.

हुकाची खीळ गंजली आहे म्हणे. आधी तेल घालून ठेवलं, आता पाचरी लावायला मागे गेला. वही मांडीवर. गप्प बसलं तर ऐकत राहीन, म्हणून लिहिते. भावजींना पाठवायचं पत्र, याच पानावरून उतरवून काढीन.

श्री. नंदू यांस. ६ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही ती किल्ली कुणाच्या हातात देत होता, हे तुम्हाला पुरतं माहीत होतं. तुम्ही हिरवळीवर उभे राहिलात. तुम्ही माझ्याशी डोळे मिळवले नाहीत. तुमच्या बायकोचा एक ठोका तुम्ही ऐकला होता. मला तीन गोष्टींची उत्तरं हवीत. मला न सांगायचं कुणी ठरवलं. मला पुढे बसवायचं कुणी ठरवलं. आणि पितृपक्ष संपू दे म्हणालात, तेव्हा तुम्ही शेडमध्ये काय ऐकलं होतं. उत्तर लेखी हवं. फोन नको, वहिनी वहिनी नको. तुमच्या सहीनं, शनिवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत, शॉमबर्गच्या पत्त्यावर. त्यानंतर आलेलं

एक ठोका.

जड हात. वरून. रवींद्रचा. मी ओरडून सांगितलं, मी थांबलेलीच आहे.

एक. पुन्हा एक —

पाय ब्रेकवर आहे. पूर्ण दाबलाय. दोन्ही पाय —

रवी मी सोडलेला नाही, मी सोडलेला

समोरचा नळ लांब जातोय. नळ, बाक, ती खुर्ची, सगळं माझ्यापासून लांब

एक एक एक

आणि त्याच्या खालून, मऊ, दोन. पुन्हा दो